तीन भाडेकरू आणि एकच संडास

आजवर ज्या ज्या ठिकाणी मी खोली बघायला गेलो, तिथं मला ठरलेले प्रश्न विचारले गेले. नोकरी कुठं, दारू पिता का, मित्र फार येतात का. आखातात आल्यावर सालमियातल्या सरांनी मात्र मला बसायला सांगितलं, पाण्याचा ग्लास पुढं केला आणि विचारलं, "तुम्हाला 'पाहिजे' म्हणता येतं का?"

मी म्हणालो, "काय पाहिजे?"

"काहीही. नुसतं पाहिजे. कारण न देता."

मी मिरजेचा, त्यातून हिशेबखात्यातला. आमच्याकडे कारणाशिवाय कुणी टाचणीसुद्धा मागत नाही. पण जून महिना होता, बाहेर अंगाची लाही होत होती, माझ्या आधीच्या खोलीतला एसी मान टाकून बसला होता आणि सरांच्या हॉलमधलं गार वारं थेट मानेवर येत होतं. मी म्हणालो, "ही खोली पाहिजे." सरांचा चेहरा उजळला. "उत्तम. इदम् शाबूत आहे," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. मला वाटलं इदम् म्हणजे खोलीतलंच काहीतरी असेल, गीझर वगैरे.

सर खरं तर घरमालक नव्हतेच. फ्लॅट त्यांनी भाड्यानं घेतलेला, आणि त्यातल्या दोन खोल्या ते आमच्यासारख्या सड्याफटिंग माणसांना द्यायचे. सालमियात निम्मी दुनिया अशीच राहते. देशात असताना ते एका ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. पोरं तो विषय घेईनाशी झाली तेव्हा ते इकडे आले आणि एका केटरिंग कंपनीत माणसं निवडायच्या कामाला लागले. मुलाखतीला आलेल्या आचाऱ्याला ते बिर्याणीबद्दल काही न विचारता लहानपणीची पहिली आठवण विचारायचे, असं ऐकून आहे. लग्न केलं नव्हतं. वय साठीकडे झुकलेलं, पाठ ताठ, केसांना चोपडून तेल, आणि घरात बसायचं तरी बुशशर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली.

कुणा एका दाढीवाल्या डॉक्टरांनी फार पूर्वी माणसाच्या मनाची तीन भागांत वाटणी करून ठेवली आहे. एक इदम्. त्याला सगळं आत्ताच्या आत्ता पाहिजे असतं. दुसरा पराहम्. आईबापांनी आणि मास्तरांनी आयुष्यभर ऐकवलेली सगळी 'नाही, नाही' तो जपून ठेवतो आणि वेळ येताच तोंडावर फेकतो. आणि दोघांच्या मधे अहम्. तो बिचारा दोघांची समजूत घालत बाहेरच्या जगाशी व्यवहार करतो. हे पुस्तकात असतं, आणि शहाणी माणसं ते परीक्षेपुरतं वाचून सोडून देतात. सरांनी त्याचा तक्ता करून फ्रीजवर लावला होता.

बॅचलर लोकांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकाची पाळी असते, कचऱ्याची असते, भांड्यांची असते. आमच्याकडे या सगळ्यांच्या वर मनाची पाळी होती. दर शनिवारी सकाळी ती बदलायची. ज्याच्याकडे इदम् त्यानं हॉलमधल्या बीनबॅगवर बसायचं आणि मागायचं. ज्याच्याकडे पराहम् त्यानं घरात असेपर्यंत सरांचा मरून टाय गळ्यात घालायचा, मग खाली लुंगी असो की बर्म्युडा, आणि "शोभत नाही" म्हणायचं. या दोघांनाही कारण द्यायला सक्त मनाई. कारणं द्यायची ती फक्त अहम्नं. त्यानं दोघांचं ऐकायचं, मधला रस्ता काढायचा आणि पिशवी घेऊन जमियात, म्हणजे इथल्या सहकारी भांडारात, जायचं.

"व्यक्तिमत्त्व म्हणजे दुसरं काय असतं?" सर म्हणायचे. "तीन भाडेकरू आणि एकच संडास."

आमच्या फ्लॅटची परिस्थितीही नेमकी तीच असल्यामुळे यावर वाद घालता येत नसे.

तिसरे भाडेकरू दिलावरभाई. श्रीवर्धनकडचे, पन्नाशीचे, अत्तराच्या दुकानात नोकरीला. ते घरात शिरले की आधी वास यायचा आणि मग ते. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, की हे काय चाललंय आणि तुम्ही हे कसं सहन करता.

"अरे बाबा, सालमियात वेडे पायलीचे पन्नास हायत," ते म्हणाले. "ह्यो वेडा निदान संडास साफ ठेवतो."

सरांच्या सिद्धांताचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "सर, हे सगळं आमच्या मौलवीनं लहानपणीच सांगितलंय," असं ते तोंडावर म्हणायचे. "नफ्स म्हणतात त्याला, आतली हाव. फक्त त्यानं टाय नाय लावला." पण पराहम्ची पाळी आली की या गृहस्थाच्या अंगात यायचं. सकाळपासून टाय घालून फिरायचे आणि मी ब्रेडला दुसऱ्यांदा लोणी लावलं तरी स्वयंपाकघराच्या दारातून "शोभत नाय" अशी आकाशवाणी व्हायची.

घरात साधं काही घडतच नसे. दिलावरभाईंची आमटी करपली आणि ते गॅसला शिव्या घालू लागले, की सर आनंदानं टाळी वाजवायचे. "प्रक्षेपण! आपला दोष दुसऱ्याच्या गळ्यात." मी एखादं बिल भरायला विसरलो तर ते विसरणं नव्हे, दमन. आतल्या बाजूला एक कुलूपबंद स्टोअररूम होती, तिची किल्ली इमारतीच्या हारिसकडे, म्हणजे रखवालदाराकडे. तिच्यात काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सर तिच्यासमोरून जाताना आवाज कमी करायचे. "अबोध मन," म्हणायचे, "तिकडे फार बघू नका."

एकदा मी ऑफिसातून तणतणत आलो. साहेबानं सगळ्यांसमोर पाणउतारा केला होता. पाळी माझी इदम्ची होती. बीनबॅगवर अंग टाकलं आणि म्हणालो, "मला साहेबाच्या कानाखाली वाजवायची आहे. आत्ता."

"शोभत नाय," टायवाले दिलावरभाई किचनमधून म्हणाले.

सर अहम् होते. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, पिशवी उचलली आणि खाली गेले. परत आले ते एक दांडगं कलिंगड घेऊन. ते त्यांनी जेवणाच्या टेबलावर उभं केलं, त्याच्यावर आपला जुना चष्मा चढवला आणि मला म्हणाले, "मारा."

आता कलिंगडाला काय मारायचं, मला हसू येत होतं. पण चष्म्यामुळे ते खरंच साहेबासारखं दिसत होतं, तसंच गोल आणि तसंच आतून लाल. मी एक ठेवून दिली. मग आणखी एक. तिसरीला चष्मा उडाला आणि चौथीला मला रडू आलं, ते का आलं देव जाणे. सरांनी मला पाणी दिलं, कलिंगड कापलं, आणि आम्ही तिघांनी ते मीठ लावून खाल्लं. "याला विस्थापन म्हणतात," सर बी काढता काढता म्हणाले. "साहेबाचा कान वाचला, तुमची नोकरी वाचली." दुसऱ्या दिवशी मी साहेबाला गुड मॉर्निंग म्हणालो तेव्हा मला त्याच्याबद्दल थोडी आपुलकीच वाटली.

पण एक गंमत होती. सरांची स्वतःची इदम्ची पाळी आली की सगळं गाडं अडायचं. ते बीनबॅगवर स्टाफरूममधल्या खुर्चीत बसावं तसे बसायचे, पाठ न टेकता. आम्ही विचारायचो, "काय पाहिजे सर?" ते खूप वेळ विचार करायचे आणि म्हणायचे, "एक कप चहा. जमला तर."

"'जमला तर' इदम् म्हणत नाय सर," दिलावरभाई त्यांना त्यांचाच नियम ऐकवायचे.

"मग राहू दे."

सगळा आठवडा असा कोरडा जायचा. जगाला मागायला शिकवणारा हा माणूस स्वतः चहाच्या पुढं कधी गेला नाही. आम्ही चेष्टा करायचो, ते हसण्यावारी न्यायचे.

त्याच हिवाळ्यात मी केतकीच्या प्रेमात पडलो. ती बँकेत होती आणि एगैलाला मामा-मामींकडे राहायची. मराठी लोकांच्या एका सहलीत ओळख झाली, मग फोन, मग समुद्रावरच्या चकरा. वर्ष गेलं तसं आम्ही ठरवलं, की आता ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. तिनं घरी सांगितलं. तिचे वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे निर्णय मामांचा. मामा अहमदीला तेल कंपनीच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, आणि प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणं हा त्यांचा तिथला धंदाच. त्यांनी निरोप धाडला, की मुलगी दाखवायचा कार्यक्रम वगैरे आम्ही करत नाही. आम्ही मुलाचं राहतं घर बघायला येऊ. शुक्रवारी.

त्या आठवड्यात माझ्याकडे इदम् होता.

मी सरांच्या हातापाया पडलो. म्हटलं, सर, एक दिवस सुट्टी द्या या नाटकाला, नाहीतर निदान पाळी बदला, माझ्या जन्माचा प्रश्न आहे.

"इदम् सुट्टीवर जात नसतो," सर शांतपणे म्हणाले. "आणि जन्माचा प्रश्न आहे म्हणून तर. अशा वेळी आपण घाबरून पाळी बदलतो आणि मग चाळीस वर्षं चुकीचा भाडेकरू दारात उभा राहतो."

"तू फकत गप बस," दिलावरभाईंनी मला धीर दिला. "बोलायचं काम आमचं." मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मामा-मामी आले. मामांनी आधी बाथरूम बघितलं, कारण बॅचलर माणसाची पारख तिथं होते असं त्यांचं मत. ते खूश होऊन बाहेर आले. त्या दिवशी आम्ही पास झालेला तो एकमेव विषय. मी नमस्कार करायला उठलो, तर बीनबॅगनं मला आत ओढून घेतलं. दोनदा प्रयत्न केला. शेवटी बसल्या जागेवरूनच हात जोडले. मामींनी डबा उघडून बेसनाचे लाडू पुढं केले. मी हात पुढं केला आणि सदऱ्यावर टाय घातलेले दिलावरभाई म्हणाले, "शोभत नाय." मी हात मागं घेतला. मामींनी डबा तसाच धरून ठेवला.

मामांनी सुरुवात केली. "पुढच्या पाच वर्षांचा काय विचार आहे?"

"हा प्रश्न माझ्याकडे," सर म्हणाले, आणि त्यांनी माझ्या पाच वर्षांचा विचार इतका मुद्देसूद सांगितला की मलाही तो पहिल्यांदाच कळला.

"मी मुलाला विचारतोय," मामा म्हणाले.

"मुलगा सध्या फक्त इच्छा सांगू शकतो."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले, "काय इच्छा आहे?"

"केतकी पाहिजे," मी म्हणालो.

"का?"

मी तोंड उघडलं तर सरांनी हात वर केला. "का हे याला विचारता येत नाही."

"शोभत नाय," दिलावरभाईंनी भर घातली. नक्की काय शोभत नाही ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मामा उठले. मामी उठल्या, पण जाताना त्यांनी डब्यातले दोन लाडू माझ्या हातावर ठेवले. दार बंद झालं. मी ते लाडू तिथंच बसून खाल्ले, कारण उठता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केतकीचा फोन आला. मामांचं म्हणणं असं, की मुलगा बरा आहे, पण वेड्यांच्या घरात राहतो. होकार द्यायला ते तयार आहेत, पण मी ती खोली लगेच सोडायची, त्या माणसाशी संबंध तोडायचा आणि लग्नात त्याची सावलीही दिसता कामा नये.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मी मामाला समजावून थकले. आता तुझं तू ठरव," ती म्हणाली. "पण आज मामा म्हणाला म्हणून तू त्यांना सोडलंस, तर उद्या आणखी कुणी म्हणालं म्हणून मला सोडशील का, एवढंच मला कळायला हवं."

झालं. इकडे आड, तिकडे विहीर. मी घरी येऊन सगळं सांगितलं. शनिवार होता, पाळी बदलली होती आणि आता टाय सरांच्या गळ्यात होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मामांचं बरोबर आहे. तुम्ही इथं राहणं शोभत नाही." एवढं बोलून ते माझ्या खोलीत गेले, कपाटावरची बॅग खाली काढली आणि माझे शर्ट घड्या घालून भरायला लागले.

माझं डोकं सणकलं. "सर, ती बॅग ठेवा. तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते सांगा."

"माझी पाळी पराहम्ची आहे."

"गेली खड्ड्यात पाळी."

त्यांनी एक शर्ट पुन्हा उलगडला, कॉलर सरळ केली आणि परत घडी घातली. त्या माणसाचा मला इतका राग आला, की मी बॅग उपडी केली आणि दार आपटून बाहेर पडलो. आठवडाभर आम्ही असेच. ते संध्याकाळी बॅग भरायचे, मी जेवणानंतर रिकामी करायचो. दिलावरभाई बीनबॅगवरून दोघांकडे बघायचे आणि काही मागायचे नाहीत. मामांना मी विचार करतोय असं कळवलं होतं. विचार कसला, नुसती बॅग रिकामी करत होतो.

पुढच्या शनिवारी तक्ता सरकला. टाय माझ्याकडे आला, पिशवी दिलावरभाईंकडे, आणि सर जाऊन बीनबॅगवर बसले. नेहमीसारखे ताठ.

"बोला सर," दिलावरभाई म्हणाले. "काय पाहिजे?"

आम्हाला वाटलं, आता चहा येईल. पण चहा आला नाही. ते आपल्या पायांकडे बघत होते. मग म्हणाले, "मला याच्या लग्नाला जायचंय."

दिलावरभाईंनी हातातली पिशवी काखेत मारली.

"कारण देता येत नाही, नियम आहे," ते म्हणाले, आणि लगेच स्वतःचा नियम मोडून बोलायला लागले. "मी बारा महिने एकटा राहायचो ना, तेव्हा हे तिघंही माझ्याच डोक्यात राहायचे. एक मागायचा, एक खेकसायचा, मधल्याला झोप नाही. तुम्ही दोघं आलात आणि मी त्यांना वाटून टाकलं. घर शांत झालं. आता हा जाईल. जायलाच पाहिजे. पण निदान... निदान जाताना बघायचंय मला."

पाठ न टेकणारा तो माणूस हळूहळू मागं कलला आणि बीनबॅगमध्ये पार आत गेला. इतके दिवस मी या माणसाच्या खेळाला हसत होतो, आणि तो बिचारा त्या खेळाच्या आधारानं दिवस काढत होता.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. टाय माझ्या गळ्यात होता आणि पराहम्ला बोलणं भाग होतं.

"न येणं शोभत नाही," मी म्हणालो.

दिलावरभाईंनी पिशवी खुंटीला लावली आणि दुकानाच्या गाडीची किल्ली घेतली. "चला. अहम् म्हणजे बाहेरच्या जगाशी व्यवहार, होय ना सर? मग एगैलाला जाऊन करूया."

मामांनी दार उघडलं आणि आम्हा तिघांना बघून ते बंद करावं की काय असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. सर पुढं झाले. मी मनात म्हटलं, आता दाढीवाले डॉक्टर येणार आणि माझं लग्न जाणार.

"मला या दोघांच्या लग्नाला यायचंय," सर म्हणाले.

"का?" मामांनी विचारलं. सवयच त्यांना.

सरांनी तोंड उघडलं. सगळ्या जगाची कारणं तोंडपाठ असलेला माणूस तो, पण त्यांना एकही सुचेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दिलावरभाईंकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "यायचंय."

मामांना पुढचा प्रश्न सापडेना. आतून मामींचा आवाज आला, "अहो, लग्नाला येतो म्हणणाऱ्या माणसाला कुणी का विचारतं होय? आत घ्या त्यांना." पडद्याआडून केतकी बघत होती. मामांनी दार पूर्ण उघडलं, पण सोफ्यावर बसता बसता एक अट घातलीच. मंगल कार्यालयात मानसशास्त्र बोलायचं नाही.

ती अट सरांनी पाळली. मिरजेला लग्नाचे दोन दिवस ते तोंड मिटून वावरले, पंगतीत वाढलं, खुर्च्या लावल्या, दिलावरभाईंबरोबर दारात उभं राहून पाहुण्यांना अत्तर लावलं. मुहूर्ताच्या वेळी गुरुजींनी विचारलं, "मुलाचे मामा कुठं आहेत? अंतरपाट धरायचाय." माझी आई एकुलती एक, मला मामा नाही. आईनं इकडं तिकडं बघितलं आणि सरांच्या दंडाला धरून त्यांना पुढं आणलं. एक टोक केतकीच्या मामांकडे, दुसरं सरांकडे. मी अलीकडे हार घेऊन उभा, ती पलीकडे, आणि मधे ते पांढरं कापड.

मंगलाष्टकं संपली. ताशा वाजला, अक्षता पडल्या, गुरुजींनी अंतरपाट ओढला. एक बाजू सुटली, दुसरी सुटेना. सर समोर बघत उभे होते, गालांवरून पाणी वाहत होतं आणि मुठी आवळलेल्या. "सोडा आता," गुरुजी म्हणाले. "सर, सोडा," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली, पण हात काही उघडेनात. मग मामा कापडाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेले, काही न विचारता त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवली.